मागणी त्याच्या तोंडून यायला हवी

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, दोन्ही काठांवरच्या सगळ्याजणींनो, दुपारची वेळ आहे. कुणी कांदे निवडत असेल, कुणी शिलाईवर बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला, आणि एकीनं पिशवीतून वर्तमानपत्राचं पान काढलं. बातमी नेहमीचीच. अमुक हजारांची लाच घेताना कर्मचारी रंगेहाथ, लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सापळा रचला. पान हातोहात फिरलं आणि बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, “सापळा लावायचा म्हणजे पोलिसांनीच फसवायचं की. ते कोर्टात टिकत नाही.” दुसरी म्हणाली, “टिकतं, पण देणारी पण आत जाते.” तिसरी चांगली शिकलेली, तिचा भाऊ नोकरीला आहे. ती म्हणाली, “साध्या कपड्यातल्या पोलिसाला तू पोलीस आहेस का असं विचारलं, तर त्याला खरं सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर केस फुसकी.”

तिघी तीन गोष्टी बोलल्या. तिन्ही चुकीच्या, पण प्रत्येकीत खऱ्याचा एखादा कण होता, आणि तो कणच माणसाला जास्त फसवतो. त्या बैठकीत कोपऱ्यात एक बाई गप्प बसली होती. सगळ्या उठून गेल्यावर ती माझ्याजवळ आली. तिची गोष्ट आज मी तिच्या परवानगीनं सांगणार आहे. गाव सांगणार नाही, कार्यालयही सांगणार नाही.

तिचा नवरा वारला होता. सव्वा एकर जमीन, सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव. वारस नोंद करायची होती. कागद सगळे दिलेले, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं. पण नोंद काही होईना. कार्यालयात साहेबांच्या शेजारच्या टेबलावर एक पोरगा बसतो. तो सरकारी नोकर नाही, त्याला पगार नाही, पण दप्तर तोच हाताळतो. आपल्याकडे अशांना ‘झिरो तलाठी’ म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. तो म्हणाला, “साहेबांना पाच द्यावे लागतील.” पाच म्हणजे पाच हजार. तिनं दोन हजार दिले आणि उरलेल्यासाठी मुदत मागून घेतली. आता तिला विचारायचं होतं, “ताई, मी तक्रार केली तर आधी मलाच धरतील का? मी दोन हजार दिलेत.”

मी विचारलं, “कधी दिलेस?” ती म्हणाली, “बाजारच्या दिवशी, मागल्या नव्हे, त्याच्या मागल्या.” मी बोटावर दिवस मोजले. नऊ झाले होते.

हे नऊ का मोजले ते सांगते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. दुरुस्तीआधी लाच देणाऱ्याला बऱ्यापैकी आडोसा होता, त्यानं जबाबात लाच दिल्याचं सांगितलं तरी त्यावरून त्याच्यावर खटला होत नसे. ते कलम काढलं. आता लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या मैत्रिणीच्या बोलण्यातला खरा कण हा. पण त्याच कलमात पुढं दोन दारं उघडी ठेवली आहेत आणि ती कुणी सांगत नाही. पहिलं दार असं, की जिला लाच द्यायला भाग पाडलं ती गुन्हेगार नाही, मात्र दिल्यापासून सात दिवसांच्या आत तिनं पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. दुसरं दार असं, की आधी यंत्रणेला कळवून, त्यांच्या तपासाला मदत म्हणून जी पैसे देते, तिला हा गुन्हा लागूच होत नाही. सापळ्यातली तक्रारदार या दुसऱ्या दारानं आत जाते. म्हणजे गपचूप देणारी आणि सांगून देणारी, या दोघी कायद्याला एकसारख्या नाहीत.

आमच्या बाईचे पहिल्या पैशांचे सात दिवस टळले होते. ते मी तिला लपवलं नाही. त्या दोन हजारांचं काय, हे वकिलाला विचारायलाच हवं होतं, आणि वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा. पण उरलेल्या तीन हजारांची मागणी अजून जिवंत होती. ते दिलेले नव्हते. त्या मागणीची तक्रार ती आजही करू शकत होती, आणि तिनं केली. १०६४ ला फोन लावला. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे, मराठीत बोललं तर चालतं.

आता सापळा म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सिनेमात दाखवतात तसं काहीही नसतं.

तक्रार गेली म्हणून लगेच नोटा घेऊन कुणी निघत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराजवळ आवाज टिपणारं छोटं यंत्र देतात, बरोबर पंच असतो, आणि तिला त्या माणसाशी बोलायला पाठवतात. पंच म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी सरकारी खात्यातला कर्मचारी, ज्याचं ना तिच्याशी नातं ना त्या साहेबाशी. त्या बोलण्यात मागणी खरोखर झाली का, हे पाहतात. झाली असेल तर मग सापळा. नोटांचे नंबर पंचांसमोर लिहून घेतात. नोटांना पावडर लावतात. आपल्या महाराष्ट्रात अँथ्रासिन पावडर पुष्कळ वापरली गेली, ती साध्या डोळ्याला दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली हात धरला की निळसर चमकते. दुसरी फिनॉफ्थेलिन, ती लागलेले हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. सगळ्याचा पंचनामा आधीच होतो. तक्रारदाराला सूचना देतात: नोटांना उगाच हात लावायचा नाही, समोरच्याशी हात मिळवायचा नाही, आणि सगळ्यात मोठी सूचना, त्यानं मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. एक पंच तिच्याबरोबर राहतो, बोलणं ऐकायला आणि बघायला. पैसे घेतले की तिनं ठरलेला इशारा करायचा, डोक्यावरचा पदर सारखा करायचा म्हणा, आणि मग बाहेरची माणसं आत येतात. रक्कम फार मोठी असेल तर वर खऱ्या नोटा आणि खाली खेळण्यातल्या, असंही करतात. सापळ्यात गेलेले तक्रारदाराचे पैसे नंतर सरकार परत देतं. कुणाजवळ तेवढे पैसेच नसतील तर तेही फोनवर सांगा, त्या पायी तक्रार अडवून ठेवू नका.

एवढी सगळी कसरत कशासाठी? तर पहिल्या मैत्रिणीचा प्रश्न कोर्टालाही पडतो म्हणून. हे फसवणं तर नाही ना?

या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फार आधीच बोलून ठेवलंय. विंध्य प्रदेश नावाचं एक राज्य होतं, आता ते मध्य प्रदेशात आहे. तिथले उद्योगमंत्री राव शिवबहादूर सिंह यांना १९४९ साली दिल्लीत सापळ्यात पकडलं. पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीचं प्रकरण, पंचवीस हजारांची लाच. १९५४ साली निकाल आला. मंत्र्यांची शिक्षा कायम राहिली, पण न्यायालयानं पोलिसांचेही कान उपटले. लाचेच्या पैशांतला मोठा भाग पोलिसांनीच पुरवला होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की भ्रष्टाचार पकडायला सापळा कधी लावावा लागेल, ते समजू शकतं. पण ज्याच्याजवळ लाच द्यायला पैसा नाही आणि उभा करायची ऐपतही नाही, त्याच्या हातात पोलिसांनी पैसे कोंबून लाचखोरी घडवून आणायची, याला समर्थन नाही. दोन वर्षांनी रामजनम सिंह नावाच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आणखी स्पष्ट सांगितलं. हे बोस आधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की माणूस कितीही कच्चा असला तरी कायद्याच्या रखवालदारांनीच आपल्याला टोचून टोचून गुन्ह्यात ढकलू नये, एवढी अपेक्षा करायचा त्याला हक्क आहे.

म्हणजे रेष कुठे आहे बघा. जो गुन्हा होणारच होता, त्याच्या वाटेवर दबा धरून बसणं हा योग्य सापळा. जो गुन्हा त्याच्या मनात नव्हता, तो त्याच्या डोक्यात घालून मग पकडणं हा अयोग्य.

अमेरिकेत याच रेषेवरून आरोपीला वेगळा बचाव मिळतो, आपण सिनेमात ऐकतो तो ‘एन्ट्रॅपमेंट’ शब्द तिकडचा. त्याची गोष्ट मला आवडते म्हणून सांगते. तिकडे दारूबंदी होती तेव्हाची, १९३० ची. एक सरकारी माणूस प्रवासी बनून उत्तर कॅरोलिनात सॉरेल्स नावाच्या माणसाच्या घरी गेला. बोलता बोलता निघालं की दोघं महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये लढलेले. युद्धाच्या आठवणी निघाल्या, आणि मग हा म्हणाला, थोडी दारू मिळेल का? सॉरेल्स नाही म्हणाला. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. शेवटी जुन्या सोबत्याला किती वेळा नाही म्हणायचं, म्हणून तो बाहेर गेला आणि अर्धा गॅलन घेऊन आला. लगेच अटक. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी फौजेत असलेली गावं आहेत, त्यांना हा जिव्हाळा सांगायला नको. १९३२ साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारनंच याला गुन्ह्यात ओढलं का, हा प्रश्न ज्युरीपुढे जायलाच हवा होता.

भारतात असा वेगळा, नाव असलेला बचाव कायद्यात लिहिलेला नाही. ‘मला सापळ्यात पकडलं’ एवढं म्हटल्यानं कुणी सुटत नाही. पण तीच रेष आपल्याकडे दुसऱ्या वाटेनं येते, पुराव्याच्या. कोर्ट विचारतं, मागणी कुणाची?

नीरज दत्ता नावाचा खटला यासाठी लक्षात ठेवण्यासारखा. दिल्लीतलं २००० सालचं प्रकरण. वीज मीटरच्या कामासाठी पैसे मागितल्याचा आरोप वीज मंडळातल्या कर्मचाऱ्यावर. साक्ष द्यायच्या आधीच तक्रारदार वारला. मग प्रश्न आला, तक्रारदारच नाही तर मागणी सिद्ध कशी होणार? १५ डिसेंबर २०२२ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं उत्तर दिलं, निकाल न्यायमूर्ती नागरत्ना यांनी लिहिला. तक्रारदार मेला, फितूर झाला, म्हणून खटला आपोआप पडत नाही. मागणी दुसऱ्या पुराव्यावरूनही सिद्ध करता येते. पण ती सिद्ध झाली पाहिजे, नुसत्या नोटा सापडल्या म्हणजे झालं असं नाही. आणि गंमत बघा, तीनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, त्याच खटल्यातला आरोपी निर्दोष सुटला. का, तर मागणीचा पुरावा पुरा पडला नाही.

याच निकालात एक उलटी गोष्टही आहे, ती साहेब लोकांनी ऐकण्यासारखी. ‘मी कुठं मागितले, तीच घेऊन आली’ असं म्हणून सुटता येत नाही. न मागता कुणी पुढे केली आणि त्यानं लाच म्हणून घेतली, तरी घेणाऱ्याचा गुन्हा होतोच. फक्त त्या वेळी आपणहून पुढे करणारीही गुन्ह्यात येते. बायकांना आपल्याकडे सवय असते, काम झालं की साहेबांना पेढे, पेढ्यांबरोबर पाकीट. ती सवय आता सोडा.

आता त्या बाईकडे परत येते. पडताळणीचा दिवस ठरला. तिला सगळं समजावलेलं. ती आत गेली, यंत्र सुरू. साहेब मान वर न करता म्हणाले, “बोला.” आणि आपली ही बाई, जन्मभर मोठ्या माणसांपुढे वाकत आलेली, ती म्हणाली, “साहेब, माझ्याकडून काही राहिलंय का? किती द्यायचे तेवढं सांगा, मी आणते.”

साहेबांनी मान वर केली. काय वाटलं त्यांना कोण जाणे. म्हणाले, “तुमचं काम नियमाप्रमाणे होईल, या तुम्ही.” तो पोरगा त्या दिवशी जागेवर नव्हता.

झालं. यंत्रात आवाज तिचाच, पैशाचा विषयही तिच्याच तोंडचा. मागणीची खात्री झाली नाही, सापळा लागला नाही. बाहेर येऊन ती रडली. “मी चुकले का?” म्हणाली. मी काय सांगणार? चुकली असं कसं म्हणू? आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं की मागणाऱ्याला मागायला लागू नये, त्याच्या आधी आपणच विचारावं. पाहुण्याला वाढताना ते शोभतं. या ठिकाणी मात्र गप्प बसायचं असतं. “साहेब, माझं काम का अडलंय?” एवढंच विचारायचं आणि थांबायचं. ती शांतता फार जड असते, मला माहीत आहे. पण ती त्यानं मोडायची, आपण नाही.

तीन आठवड्यांनी तिची नोंद झाली. एक पैसा न देता. साहेबांना कुणकुण लागली असावी असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं. तिचे दोन हजार मात्र गेले ते गेलेच.

त्या पोराबद्दलही सांगायला हवं. ‘तो सरकारी नाही, त्याला हा कायदा लागू नाही’, हाही एक समज. २०१८ पासून कायद्यात स्वतंत्र कलम आहे. सरकारी नोकरावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा मध्यस्थ, एजंट, हाही गुन्हेगार. बातम्यांत ‘तलाठ्यासह खासगी इसम’ असं वाचता ना, तो खासगी इसम हाच.

आणि एक गोष्ट हळू आवाजात विचारली जाते, मी मोठ्यानं सांगते. लाच म्हणजे फक्त पैसा नव्हे. कायद्यातला शब्द ‘गैरवाजवी फायदा’ असा आहे आणि त्यात पैशाच्या बाहेरचंही येतं. कामाच्या बदल्यात कुणी बाईकडे शरीराची मागणी केली, ‘एकटी ये’ म्हणाला, तर तीही लाचेची मागणीच आहे, शिवाय दुसऱ्या कायद्यांखालचे गुन्हे वेगळे. १०६४ ला ही तक्रारही करता येते. महिला अधिकाऱ्याशीच बोलायचं असेल तर तसं मागा.

काहीजणी विचारतात, आपणच मोबाईलवर सगळं टिपलं तर? मागणीचं बोलणं जवळ असेल तर जपून ठेवा, उपयोगी पडेल. पण कुणाला न कळवता, स्वतःच पैसे देऊन, स्वतःच चित्रण करू नका. रजत प्रसाद नावाच्या खटल्यात, २०१४ साली, लाच देणारे म्हणत होते की आम्ही तर स्टिंग करत होतो, पैसे दिले ते मंत्र्याला उघडं पाडायला. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा खटला रद्द करायला नकार दिला. स्टिंग म्हटलं म्हणजे आपोआप माफी, असं नाही. आधी कळवा, मग द्या. क्रम उलटा झाला की बाजू उलटते.

सापळ्यातली बाई म्हटलं की मला साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आठवतात. गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना पकडायला त्यांनी गरोदर बायकांना बनावट रुग्ण म्हणून पाठवलं, पोटात बाळ असलेल्या त्या बायकांनी न्यायालयात साक्षीही दिल्या. २०२५ साली देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. तिथेही रेष तीच. तो डॉक्टर हे काम करतोच आहे, त्याच्या दारात गिऱ्हाईक बनून जायचं. जो करत नाही त्याच्या गळी पडायचं नाही. आणि हेही ऐकून ठेवा, तपासणीला गेलेल्या गरोदर बाईला तिच्या नवऱ्यानं किंवा इतर नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच तो कायदा आधी धरून चालतो.

आता तिसऱ्या मैत्रिणीचं. साध्या वेशातल्या पोलिसाला विचारलं तर खरं सांगावंच लागतं का? नाही. असा कुठलाही नियम नाही. दारूच्या गुत्त्यावर, लॉजवर छापा घालताना पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात, त्यांच्या भाषेत पंटर. तो ‘मी पोलिसांचा’ असं सांगून आत जाईल तर गेलाच कशाला? खरा कण एवढाच, की अटक करायची वेळ आली की लपवाछपवी संपते. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट, दिसेल असं असलं पाहिजे. अटकेचा पंचनामा लिहिला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, आणि कुठं नेलं ते नातेवाइकांना कळवलं पाहिजे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढायची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, हा नियम नव्या कायद्यातही आहे.

आणि या अर्धवट माहितीचा फायदा घेणारे रस्त्यावर फिरतायत, म्हणून हे लांबवून सांगते. दौंडच्या बायकांना खाकी नवी नाही, राज्य राखीव पोलीस दलाचे गटच तिथे आहेत. पण लुटणारा खाकी घालून येत नाही. मोटारसायकलवर दोघं येतात, केस बारीक कापलेले, बोलणं रुबाबाचं. “मावशी, आम्ही साध्या वेशातले पोलीस. पुढं चोरी झालीय, तपासणी चाललीय, दागिने काढून रुमालात बांधा.” मावशी घाबरते, कारण तिनंही ऐकलेलं असतं की साध्या वेशातले पोलीस असतात. पाटल्या काढते. तेच रुमाल बांधून देतात, पिशवीत नीट ठेवतात. घरी येऊन सोडला तर आत खडे. माझ्या ओळखीतल्या एका आजींचं असंच झालं, लग्नातल्या पाटल्या होत्या. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही, लाजेनं.

लक्षात घ्या, दागिने काढून रुमालात बांधायला सांगणारा पोलीस हा पोलीस नसतोच. खऱ्या पोलिसाला जप्ती करायची असेल तर पंच लागतात, लेखी पंचनामा लागतो, आणि नव्या कायद्यात झडतीचं व जप्तीचं चित्रणही करावं लागतं. त्याला म्हणा, “चला, समोरच्या दुकानात चार माणसांत बोलू.” आणि ११२ लावा. तो खरा असेल तर थांबेल.

फोनवरचा भाऊबंद याहून वाईट. व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे पोलीस ठाण्याची पाटी. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, मुलगा गुन्ह्यात अडकलाय, कॅमेऱ्यापुढून हलू नका, कुणाला सांगू नका, पैसे भरा. याला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. अशी अटक कायद्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये यावर सावध केलं होतं. फोन ठेवा, पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० ला कळवा, जितकं लवकर तितकं पैसे अडण्याची शक्यता जास्त.

एक शेवटचा प्रश्न राहिला, चिठ्ठीतून आलेला: “तक्रार केली तर नाव फुटतं का?” सापळा होईपर्यंत नाही. वर्तमानपत्रं बहुतेक वेळा नुसतं ‘तक्रारदार’ असं छापतात. पण पुढे खटला उभा राहिला की तिला साक्षीला जावं लागतं, आणि गावात कळतंच. खटले वर्षानुवर्षं चालतात, आरोपी मधल्या काळात जामिनावर असतो, कधी कधी परत कामावरही येतो. हे मी लपवणार नाही. म्हणून जाताना एकटी जाऊ नका. गटातल्या दोघींना बरोबर घ्या, तारखांची वही ठेवा, कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहा, लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या.

आमच्या त्या बाईनं आता अशी वही केलीय. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरलाय तिनं, त्याची पावती पहिल्याच पानावर चिकटवलीय. परवा मला म्हणाली, “ताई, या वेळी मी नुसतं विचारलं, अर्ज कुठवर आलाय? आणि गप्प उभी राहिले.” मी विचारलं, “मग?” तर म्हणाली, “मग काय, तो पण गप्प. मी पण गप्प. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. शेवटी त्यानं रजिस्टर उघडलं.”